उतरतीचे क्लॅरिओनेट कोणाकडे जावे

आज रविवार, ता. १६ जून १९७४, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. मोठ्या ढोलावरची 'न्यू ज्योती ब्रास बँड, सोलापूर' ही अक्षरे पिवळ्या रंगात पुन्हा काढून ढोल आत्ताच दाराबाहेर ठेवला. रंग वाळायला दुपार होईल. तोवर हात रिकामे आहेत आणि रिकाम्या हातांनी मला काळज्या फार सुचतात, म्हणून हे लिहायला घेतले.

मी, दशरथ धोंडिराम सरवदे, वय चोवीस, धंदा पाट्या रंगवणे व बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवणे, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, सकाळपासून चहाखेरीज काही घेतलेले नाही, आणि हे लिही म्हणून मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आईने दोनदा कागद ओढून घेतला. ती म्हणते, असले लिहिले की तसेच होते. मी तिला सांगितले की पाटी रंगवली म्हणून दुकान चालतेच असे नाही.

कारण असे. बाराव्या वर्षी माझे सांधे सुजून ताप आला, सातवीतून शाळा सुटली, आणि त्या तापाने हृदयातली एक झडप आखडून ठेवली. ते यंदा एप्रिलमध्ये कळले. मंगळवारी पुण्यास जायचे आहे. तिथले डॉक्टर छाती उघडून झडप मोकळी करणार. ते म्हणाले, "बहुतेक लोक नीट घरी जातात." 'बहुतेक' हा शब्द मी पुण्यापासून सोलापूरपर्यंत मनात घोळवत आलो.

माझ्या बाकीच्या वस्तू कोणालाही गेल्या तरी माझी तक्रार नाही. जीव अडकला आहे तो क्लॅरिओनेटमध्ये. ते माझ्यामागे बाबांनी घ्यावे अशी माझी इच्छा आहे. आणि बाबांनी, म्हणजे माझे वडील धोंडिराम यांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षापासून कोणत्याही वाद्याला हात लावलेला नाही. आता क्रमाने लिहितो.

कलम पहिले. घर.

घर माझे नाही. खोली बाबांच्या नावावर भाड्याची आहे. त्यातला खिडकीखालचा कोपरा मला दिलेला होता, तो परत करतो. भिंतीवर मी काढलेले अक्षरांचे नमुने आहेत, त्यांवर चुना मारला तरी चालेल. 'क्ष' मात्र चांगला जमला आहे.

कलम दुसरे. पैसे व रंगकामाचे सामान.

पोस्टात जे आहे ते आईचे, मीनाबाईंचे. तिने ते मुक्ताच्या लग्नाला लावू नये, आपल्या डोळ्यांना लावावे. विड्या वळताना ती पान नाकाजवळ धरते हे सगळ्यांना दिसते आणि कोणी बोलत नाही.

ब्रश, रंगाचे डबे, फूटपट्टी आणि सायकल ही माझी बहीण मुक्ता हिची. तिचे अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे. लोक म्हणतील, मुलगी शिडीवर चढून पाटी रंगवते काय. त्यांना म्हणावे, पाटी खाली उतरवून द्या, ती जमिनीवर बसून रंगवील. मुक्ता, ऱ्हस्व उकार आणि दीर्घ उकार यांत शंका आली तर गिऱ्हाईकाला विचारू नकोस, ते नेहमी चुकीचे सांगतात. शाळेत जाऊन विचार.

कलम तिसरे. ग्रामोफोन व अकरा तबकड्या.

या धुळाप्पा कोळेकर यांस द्याव्यात. धुळाप्पा म्हणजे आमच्या बँडचे मालक व ट्रम्पेट वाजवणारे. गेले पाच महिने त्यांचे आणि माझे कामापुरतेच बोलणे आहे. तरी त्यांनाच द्याव्यात, आणि का ते लिहितो.

पाच वर्षांपूर्वी रेल्वे लाईन्समध्ये ह्यूबर्ट साहेब म्हणून निवृत्त इंजिन ड्रायव्हर होते. ते कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि त्यांच्या ट्रंकांवर नाव-पत्ता रंगवायला मला बोलावले होते. मी रंगवत असताना त्यांनी ग्रामोफोन लावला. माझा हात थांबला. साहेब म्हणाले, "ब्रश चलाओ, बाबा, जहाज नहीं रुकेगा." पण मला ब्रश चालवता येईना. आमच्या बँडमध्ये दहा जण असले तरी दहाही जण एकच चाल वाजवतात. त्या तबकडीत तिघे एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी वाजवत होते. ट्रम्पेट आपला रस्त्याने सरळ चालला होता, क्लॅरिओनेट त्याच्याभोवती पतंगासारखे वरखाली होत होते, ट्रॉम्बोन खालून म्हशीसारखा आडवा येत होता, आणि तरी कोणाची कोणाला धडक लागत नव्हती.

साहेबांनी सांगितले की याला डिक्सिलँड म्हणतात. अमेरिकेत दक्षिणेकडे एक बंदर आहे, तिथल्या गुलामांच्या पोरा-नातवंडांनी पलटणीच्या बँडची जुनी वाद्ये मिळवून हे सुरू केले. पुढे तबकडी पहिल्यांदा निघाली ती मात्र गोऱ्यांच्या बँडची, आणि हे नावही त्यांनीच मिरवले. मी हे घरी आईला सांगत होतो तेव्हा बाबा आत सदरा बदलत होते. ते एवढेच म्हणाले, "मंजे वाजवलं ह्यांनी आन् पाटी त्यांची." मग जेवायला बसले.

रंगकामाचे पैसे न घेता मी ग्रामोफोन आणि तबकड्या घेतल्या. कागदी बिल्ले कसरीने खाल्ल्यामुळे कोणाची तबकडी कोणती हे शेवटपर्यंत कळले नाही. त्यांतली एक चाल आम्ही बसवायला घेतली. धुळाप्पा ट्रम्पेटवर, सिद्धाराम ट्रॉम्बोनवर, मी क्लॅरिओनेटवर, आमच्याच अंगणात, बाबा गिरणीतल्या पाळीवरून येण्याच्या सुमारास. तबकडीतली चाल जोरात सुरू होई, मग मध्यापासून सावकाश होत जाई आणि शेवटी सगळी वाद्ये मिळून अर्धा सूर खाली उतरत. हे आम्हाला फार अवघड गेले. सुरुवातीला एक जण उतरे आणि दोघे वरच राहत. धुळाप्पा म्हणत, "आरं, जिना एकच हाय. एकानं खाली आन् दोगं माडीवर, आसं कसं चालंल?" दोन महिन्यांनी आम्ही तिघे एका पायरीने उतरायला शिकलो. त्या चालीला आम्ही 'उतरती' नाव दिले.

उतरती पहिल्यांदा लोकांपुढे वाजवली ती माढ्याच्या एका लग्नात. तिघांनी तीन वाटा धरताच नवऱ्या मुलाचे मामा घोड्यापुढे आडवे आले आणि म्हणाले, "आदी आपसात ठरवा की काय वाजवायचं ते. वरातीत भांडणं नकोत." कोणी म्हणाले, बँड फुटला. एक म्हातारी सिद्धारामाला समजावू लागली की बाबा, तू लहान हायस, तू माघार घे. पण शेवटी आम्ही सगळे मिळून खाली उतरलो तेव्हा वरात आपोआप गप्प झाली, आणि ती म्हातारी म्हणाली, "मिटलं म्हणायचं."

त्याच लग्नातली दुसरी गोष्ट बाबांना आजवर सांगितलेली नाही, ती इथे लिहितो. बँडची सुपारी घेताना जो कागद होतो तो मी लिहितो, आणि त्यात 'बँडवाल्यांस पंगतीत बसवून जेवण' असे मी पहिल्या वर्षापासून घालत आलो. वरात संपल्यावर यजमान म्हणाले, पाने बांधून देतो, गोठ्याकडे बसून खा. धुळाप्पांनी कागद काढून दाखवला. यजमान म्हणाले, "ह्ये कुणी लिवलं?"

"आमच्या क्लॅरिओनेटनं लिवलं. अक्षर बगा, छापल्यावानी हाय."

"तुमी धनगर मानूस, तुमी या की आत. बाकीच्यांचं बगू."

धुळाप्पांनी ट्रम्पेट काखेत घातला आणि आम्हा सगळ्यांना उठवले. उरलेले पैसे मिळाले नाहीत. स्टेशनवर भजी खाताना ते म्हणाले, "दश्या, पुडल्या कागदावर ही वळ जरा मोटी काढ." त्यांना आत जेवता आले असते, हे ध्यानात घ्यावे.

आता भांडण. यंदा जानेवारीत ग्रामोफोनची स्प्रिंग घड्याळजीकडून नवी बसवली. तबकडी लावली तर चाल सुरू झाली तशीच जोरात शेवटपर्यंत गेली. सावकाश नाही की उतरणे नाही. सिद्धाराम आधी हसला. जुनी स्प्रिंग ढिली होती, ती चावी अर्ध्यावर संपायची आणि यंत्र मंदावत जायचे. ती उतरती त्या लोकांची नव्हतीच. धुळाप्पांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "पाच वर्सं आपण यंत्राचा दम वाजवत बसलो व्हय?" आणि आता बरोबर करायची म्हणून पुढच्याच दिवशी जोराची चाल बसवायला बसले. मी म्हटले, उतरती सोडायची नाही, ती आपली झाली आहे. तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला दम पुरत न्हाय म्हनून तुला उतरती पायजे. सरळ सांग की."

एप्रिलमध्ये डॉक्टरांचे कळल्यापासून धुळाप्पा माझ्याकडे बघत नाहीत. पगार मुक्ताच्या हाती पाठवतात, आणि तोही न वाजवल्याचा. म्हणून लिहितो की ते बोलले ते खरेच होते, मला दम पुरत नव्हता. आणि तरीही उतरती टिकवण्यासारखी आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, तिघे तीन वाटांनी जातात तशा. धुळाप्पांनी जोराची चाल जरूर बसवावी. उतरती मोडू नये. ग्रामोफोनला चावी पूर्ण द्यावी, पण कचकन देऊ नये.

कलम चौथे. क्लॅरिओनेट.

हे मी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीकडून हप्त्याने घेतले. वरची एक कळ बदललेली आहे व पेटीचे एक बिजागर नाही. बाकी उत्तम.

बाबा गावात असताना सनई वाजवत. आजोबाही वाजवत. आमचे गाव माढा तालुक्यातच. दुसऱ्यांच्या दारात उन्हात उभे राहून वाजवायचे आणि शेवटी मागच्या बाजूने उष्टे न्यायचे, हे बाबांनी सोळा-सतरा वर्षे केले. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी सनई माळवदावरच्या सरपणात टाकली. मी सहा वर्षांचा होतो. आई सांगते की ती जाळली कोणी हे विचारायची तिला हिंमत झाली नाही. मग आम्ही सोलापूरला आलो आणि बाबा गिरणीत लागले. मी बँडमध्ये गेलो तेव्हा ते माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. पुढे बोलू लागले, पण बँडचा विषय नाही. त्यांचा राग बरोबर नाही असे मी कधी म्हटलेले नाही. मी फक्त इतके म्हणतो की दाराशी उभे करणारे ते लोक होते, सनई नव्हती.

नवी स्प्रिंग बसवली त्या दिवशी मी घरी येऊन आईला घडलेले सांगितले. बाबा आतून म्हणाले, "त्ये यंत्र दमतंय, ह्ये मला पयल्या हप्त्यातच कळलं हुतं."

मी म्हटले, "मग पाच वर्षे सांगितले का नाही?"

"सांगितलं असतं मंजे मी त्यात आलो असतो."

 मला तेव्हा कळले की भिंतीपलीकडून ते सगळे ऐकत होते.

आणखी एक. डॉक्टरांनी फुंकणे बंद करायला सांगितल्यापासून मी संध्याकाळी क्लॅरिओनेट नुसते हातात धरून बोटे चालवतो, आवाज न करता. वैशाखात एकदा बाबा समोर भाकरी खात होते. मान खाली. मी उतरतीतला मधला तुकडा बोटांनी काढत होतो. ते म्हणाले, "तितं तू मदलं बोट आदी उचलतोस. आत्ता न्हाय उचललंस." आणि कांदा फोडला. आवाज नसताना माझी चूक ओळखणारा माणूस सोलापुरात दुसरा नाही.

माझा भाग कागदावर नाही, मला सुरांचे लिहिणे येत नाही. तो माझ्या डोक्यात आहे आणि बाबांच्या. क्लॅरिओनेट विकले तर कोणत्या तरी बँडमध्ये जाईल आणि दहा जणांबरोबर अकरावे म्हणून एकच चाल वाजवील. म्हणून माझी इच्छा की ते बाबांनी घ्यावे. वरातीत वाजवावे असे माझे म्हणणे नाही. कोणाच्याही दारात नको. आपल्या अंगणात, आपल्या बाजेवर बसून, वाटले तर. सिद्धाराम आणि धुळाप्पा तिथे येतील.

बाबांना ते नको असल्यास सिद्धारामाने विकून पैसे आईस द्यावेत. बाबांवर कोणी आग्रह करू नये.

कलम पाचवे. अंत्यविधी.

ह्यूबर्ट साहेब सांगत की त्या बंदरात मयतापुढे बँड जातो, जाताना सावकाश आणि येताना जोरात. ते त्यांचे. माझ्यापुढे बँड नको. मयतापुढे वाजवणे हे गावात आमच्यावर लादलेले काम होते आणि ते बाबांनी सोडले आहे. त्रिशरण पंचशील म्हणावे. बँडवाल्यांनी गणवेश न घालता यावे, नाही तर लोक वरात समजतात.

कलम सहावे. साक्षीदार.

कचेरीपुढच्या अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "इस्टेट काय?" मी सांगितले. ते म्हणाले, "तुझं तूच लिही. दोन साक्षीदार घे. मात्र ज्याला काही मिळणार त्याची सही साक्षीदार म्हणून नको, उगीच वाद होतो." सिद्धारामाला यात काही ठेवलेले नाही, त्यामुळे पहिली साक्ष त्याची.

दुपारी साडेबारा. पुढील मजकूर नंतर लिहिला आहे.

बाबा विहारातून आले. सिद्धाराम बसलेला होता. बाबांनी विचारले, काय लिवतोस. मी सांगितले. बाबा रात्रीच्या वर्गात सही शिकले आहेत आणि कागद दिसला की त्यांना सही करायला आवडते. म्हणाले, "आण हिकडं. साक्षीदार मी हुतो."

मी म्हटले, "आधी वाचून दाखवतो."

वरील सर्व मजकूर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. चौथे कलम वाचताना दम लागला म्हणून उरलेले सिद्धारामाने वाचले. तो जोडाक्षरे खातो, तरी अर्थ पोचला. बाबांनी मध्ये कुठेही थांबवले नाही. माढ्याच्या पंगतीचे वाचले तेव्हा एवढेच विचारले, "कोळेकर उटला? सोता?" मी हो म्हटले.

शेवटचे कलम झाल्यावर त्यांनी पेन हातात घेतले होते.  मग म्हणाले, "ज्याला मिळायचं त्यानं सही करायची न्हाय. आसं हाय न्हवं?"

"असं आहे."

"आन् केली तर?"

"तर तुम्हाला ते नको आहे, असं मी धरीन."

त्यांनी पेन कागदावर आडवे ठेवले. आईला म्हणाले, "शेजारच्या काशम्माला हाक मार. तिचा अंगटा घ्या."

मग पेटी उघडून क्लॅरिओनेटचे तोंड आणि त्यावरची, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी बघितली आणि विचारले, "ह्याची पत्ती कशाची?"

"वेताची. पुण्यात डबी मिळते."

"सनईची ताडाच्या पानाची आसायची," ते म्हणाले, आणि पेटी बंद केली. वाजवीन असे म्हणाले नाहीत. तसे मी लिहूही नये.

येणेप्रमाणे लिहिलेले मला समजले आहे, खाडाखोड कुठेही नाही, आणि यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

ठिकाण: बुधवार पेठ, सोलापूर. ता. १६ जून १९७४, दुपारी एक वाजून दहा मिनिटे.

सही: दशरथ धोंडिराम सरवदे

साक्षीदार:
१. सिद्धाराम मल्लप्पा होनमाने, ट्रॉम्बोन, न्यू ज्योती ब्रास बँड. सही.
२. काशम्मा, शेजारीण. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तिला मजकूर कानडीत सिद्धारामाने सांगितला. ती म्हणाली, एवढ्याशा पोराने एवढे लिहायचे असते का, आणि अंगठा दिला.

आजअखेर खर्च: कागद, शाई ७० पैसे. पुण्याची दोन तिकिटे, मी व आई, रु. १७.४०.

देणे: ढोलाच्या पिवळ्या रंगाचे दुकानदारास रु. ३.२५. धुळाप्पांचा न वाजवता घेतलेला पगार, दोन महिन्यांचा, रु. ९०. हा ते परत घेणार नाहीत, तरी लिहून ठेवतो.

बाबांचे रु. १५, क्लॅरिओनेटच्या वेताच्या पत्त्यांच्या डबीसाठी, आत्ताच दिलेले. हे पैशाने फिटणार नाही, पत्त्याच पाहिजेत, आणि त्या आईच्या हाती न पाठवता मी स्वतः आणून द्याव्यात, असे त्यांनी बजावले आहे.